धरायला काही नसताना : चाकण-मोशीतला एक आठवडा

चाकणला कुणी फिरायला जात नाही. मुख्याध्यापकांकडे मी आठवड्याची रजा मागितली, कुठे जाणार ते सांगितलं, तर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की घरातलं कुणी आजारी आहे का. नवऱ्याला वाटलं, भाच्याच्या नोकरीचं काहीतरी बघायला चाललेय. खरं कारण सांगितल्यावर दोघांनीही पुढे काही विचारलं नाही.

कारण होतं रंजना. शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत लातूरला आम्ही दोघी ज्युडो खेळलो. वजनगट एकच, त्यामुळे सरावाला कायम जोडी आमचीच. ती टाकायची, मी पडायचे. तिची उची-माता जिल्ह्यात प्रसिद्ध होती. समोरचीच्या दोन्ही पायांमधून आपला पाय वर फेकून तिला कमरेवरून उलटं टाकायचं, असा तो डाव. नावात 'माता' असल्यामुळे आमच्या क्लबातल्या पोरी स्पर्धेआधी उचीमातेला नवस बोलायच्या. रंजनाला त्याची गरज पडायची नाही.

पुढे मी शाळेत क्रीडाशिक्षक झाले. ती उदगीरकडची, भावाबरोबर कामाला म्हणून चाकणला गेली. भाऊ परत आला, ती राहिली. मोटारींच्या सीटखाली लागणाऱ्या पट्ट्या करणारा एक छोटा कारखाना, तिथे ती प्रेस मशीनवर होती. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात मशीनखाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तेव्हापासून आमची भेट नव्हती. फोन व्हायचे, पण हाताचा विषय ती काढू द्यायची नाही.

जानेवारीत तिचा फोन आला. म्हणाली, महिनाअखेरीच्या रविवारी मोशीत फाइट आहे, एमएमएची. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं, जाळीच्या पिंजऱ्यात. ती वर्षभर सराव करत होती आणि मला पत्ता नव्हता. जिममध्ये तिच्या वजनाची बाई नव्हती, सगळी पोरंच.

"पोरं जपून पडतात गं," ती म्हणाली. "तू खरी पडतीस, मने. ये की."

मग गेले.

सोमवार : नाशिक फाटा ते चाकण

लातूरहून निगडीला जाणाऱ्या खासगी बसेस भरपूर आहेत. चाकणला जायचं असेल तर स्वारगेटला उतरू नका. ड्रायव्हरला आधीच सांगून नाशिक फाट्याला उतरा. पहाटे तिथे चहाच्या गाड्या सुरू असतात आणि बायकांना उभं राहायला भीती वाटावी असं काही नाही, कारण शिफ्टला जाणारी माणसं तोवर रस्त्यावर आलेली असतात. तिथून भोसरी, मोशी करत सिटी बस जाते. उजाडायच्या आत मोशी ओलांडली तर ठीक, नाहीतर चिंबळी फाट्यापासून कुरुळीपर्यंत बसमध्ये बसून कंटेनरच्या चाकांचे नट मोजायचे. मी ते केलं. थंडी होती, पण खिडकी उघडली की डिझेल आणि धूळ, बंद केली की शेजाऱ्याची झोप खांद्यावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, वजनकाटे, 'रूम भाड्याने मिळेल'च्या पाट्या आणि मध्येच एखादं कांद्याचं हिरवं शेत, जणू तिथून उठायचं विसरून गेलेलं.

तळेगाव चौकात रंजना उभी होती. रात्रपाळी करून तशीच आलेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट. मी हात पुढे केला तर तिने डावा दिला. मग बहुधा तिलाच ते बरं वाटलं नाही, म्हणून उजवाही माझ्या हातावर ठेवला. मला तिच्या हाताकडे बघायचं नव्हतं आणि न बघताही येईना.

"बघ की," ती म्हणाली. "बघून घे एकदाच. नंतर आठवडाभर चोरून बघत बसशील."

बघितलं. दोन बोटांच्या जागी गुळगुळीत, गुलाबीसर कातडं. मधलं बोट शाबूत, पण पूर्ण मिटत नाही.

ज्यांनी ज्युडो खेळलेला नाही त्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्युडोत जाड सुती कोट घालतात, त्याला गी म्हणतात. समोरचीच्या गीची कॉलर आणि बाही धरूनच सगळं होतं. आणि ती पकड अंगठ्याने किंवा पहिल्या बोटाने होत नाही. पकडतात ती शेवटची तीन बोटं. रंजनाचा उजवा हात कॉलरवर जायचा. मशीनने नेमकी ज्युडोची बोटं नेली होती.

खराबवाडी

तिची खोली खराबवाडीत, एका चाळवजा इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मी येणार म्हणून सोबतीण नातेवाइकांकडे राहायला गेलेली, त्यामुळे ती मला आठवडाभरात दोनदाच दिसली. घरमालकीण काकू मूळच्या गावातल्या. जमीन एमआयडीसीत गेली आणि त्या जागी भाडेकरूंच्या खोल्या आल्या. माझी बॅग बघून त्यांनी विचारलं, "तूबी कुस्ती खेळती व्हय?" मी म्हटलं, मी फक्त पडते. त्या हसल्या नाहीत. "ही पोरगी ऐकत न्हाई," म्हणाल्या. "एक हात दिला कंपनीला, आता बाकीचं त्या जाळीत देती."

रंजना भिंतीकडे तोंड करून झोपली. मी गॅलरीत बसून राहिले. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले दहा-बारा निळे शर्ट. खालून एकसारखी वाहनं. दुपारी तिने मला आंबेठाण चौकाजवळच्या एका मेसमध्ये नेलं. मालक अहमदपूरचा, त्यामुळे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची सुकी चटणी, येसराची आमटी, सगळं घरच्यासारखं. शंभराच्या नोटेत पोटभर होतं. लातूर-नांदेडकडचे कुणी असाल तर शोधून जा. रंजनाने स्वतःसाठी उकडलेली अंडी डब्यात आणली होती. वजन उतरवायचं होतं. मी जेवत असताना ती माझ्या भाकरीकडे बघत होती आणि कंपनीचं सांगत होती. अपघातानंतर नुकसानभरपाई मिळाली, प्रेसवरून काढून पॅकिंगला घातलं. तिथे ती खोक्यांना चिकटपट्टी लावते. पट्टीसुद्धा आधी नीट तोडता येत नव्हती, म्हणाली.

पहिल्या वर्षी तिने गी कपाटातून काढलीच नाही. मग एका सहकारी बाईच्या मुलाला सोडायला म्हणून मोशीच्या जिमवर गेली, तर तिथे पोरं उघड्या अंगाने झुंजत होती. कुणी कुणाची कॉलर धरत नव्हतं, कारण कॉलरच नव्हती. तिने तिथल्या कोचला, संतोष सरांना, विचारलं, इथे बोटांशिवाय चालतं का. ते म्हणाले, "काखेत हात घालाया बोटं कशाला लागत्यात?"

मोशीची शेड

संतोष सरांची जिम म्हणजे मोशीत आळंदी रस्त्याच्या बाजूला एक पत्र्याची शेड. सर मोशीतलेच, तालमीतले पैलवान. घरची जमीन रस्त्यात आणि लग्नाच्या लॉन्समध्ये गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी ही शेड टाकली. मॅटचा वास खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेलाच: घाम, रबर आणि फिनेल. येणारी बहुतेक पोरं कारखान्यातली, शिफ्टप्रमाणे येतात. सर मला पहिल्यापासून ताई म्हणाले आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलले. त्यांना रंजनाची उची-माता पसंत नव्हती.

"आमच्यात ह्याला टांग म्हणत्यात," त्यांनी सांगितलं. "लई देखणा डाव. पर टांग मारताना पाठ द्यावी लागती. कुस्तीत समोरचा पडला की झालं. हितं पडलेला माणूस उठून पाठीवर बसतो."

त्यांचं म्हणणं होतं की तिने तोंडासमोर राहूनच आतून पाय अडकवून पाडावं. पाठ फिरवूच नये. रंजना ऐकून घ्यायची, दोन-चार वेळा तसं करायची आणि पुन्हा आपल्या डावावर यायची.

मी इतक्या वर्षांनी मॅटवर उतरले. गी नाही, अंगात घट्ट बनियन आणि शॉर्ट, मला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. सवयीने माझे हात तिच्या कॉलरकडे गेले आणि हाताला तिचं मानेखालचं हाड लागलं. तीही हसली, मीही. मग तिने डाव मारला आणि आमचं हसू थांबलं, कारण तो लागलाच नाही. मी निम्मी उचलले गेले, माझा दंड तिच्या हातातून घामाबरोबर निसटला, आणि मी तिच्या पाठीमागे उभी राहिले. काही न करता तिची पाठ माझ्या ताब्यात आली होती. पुन्हा तेच. मंगळवारचा अख्खा दिवस तेच.

कपडा असला की माणूस आपल्याला बांधलेला असतो. कपडा काढला की दर क्षणाला तो निसटत असतो, त्यामुळे अंतर ठेवूनच चालत नाही. छातीला छाती हवी. बुधवारी आम्ही ते शोधलं. रंजनाने उजवा हात माझ्या खांद्यावरून आणून माझा दंड आपल्या काखेत दाबला, कोपराने, बोटांनी नाही. डावीकडून माझं मनगट खाली ओढलं आणि माझ्या डोक्याला डोकं लावून मला शेडच्या भिंतीकडे रेटत नेलं. भिंतीला टेकल्यावर मी तिला परत ढकलायला गेले, आणि त्याच ढकलण्यावर ती आत वळली.

मी उंच गेले. पत्र्याखालची ट्यूबलाइट दिसली आणि मग मॅटवर माझा हात आपटल्याचा आवाज झाला. पडणं अजून येत होतं मला. सगळी शेड बघत होती. रंजना माझ्यावर वाकून म्हणाली, "लागलं का?" ती हे कॉलेजात कधीच विचारत नसे.

त्यानंतर तिने मला इतकं टाकलं की गुरुवारी मला केस विंचरायला खांदा वर होईना. माझ्या मते तो बुधवार त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. सर मात्र बाजूला उभे राहून मला म्हणाले, ताई, तुम्ही पडल्यावर पडून राहता. ती पोरगी राहणार नाही.

ती पोरगी म्हणजे रविवारची प्रतिस्पर्धी. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी, मारुंजीत राहणारी, आमच्याहून दहाएक वर्षांनी लहान. जिउ-जित्सू शिकलेली, तिचं सगळं काम जमिनीवर, पाठ पकडून गळा आवळायचं. सरांनी तिच्या आधीच्या फाइटचे व्हिडिओ मोबाइलवर दाखवले. रंजनाने एकदाच पाहिले आणि मोबाइल परत दिला.

शनिवार : आळंदी

शनिवारी सकाळी भोसरीत वजन झालं. डॉक्टरने तिचा हात उलटासुलटा करून पाहिला, मूठ वळायला लावली, आणि सही केली. वजन बरोबर बसलं. बाहेर पडल्या पडल्या तिने दोन केळी आणि एक अख्खा ग्लास उसाचा रस संपवला. खोलीवर जाऊन बसवेना म्हणून आम्ही शेअर रिक्षाने आळंदीला गेलो.

भोसरीहून आळंदीला बस आणि रिक्षा सारख्या मिळतात. एकादशी टाळा, बाकी दिवशी गर्दी सोसवते. दर्शनाची रांग लहान होती, पण रंजना म्हणाली तिला आत जायचं नाही. आम्ही घाटावर बसलो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता, साबणासारखा, ठिकठिकाणी ढीग झालेला. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी, असं फुलं विकणारी बाई सांगत होती. कुठल्यातरी वारकरी शाळेतली मुलं पायऱ्यांवर मृदंगाचे बोल घोकत बसली होती. फेसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तिथे रंजनाने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तिचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय आणि सुपरवायझर पुढचं काही बोललेला नाही. दुसरी गोष्ट तिने नदीकडे बघत सांगितली. सर कोपऱ्यात ओरडून सूचना देणार, त्यामुळे पिंजऱ्यात टाकला की फाइट थांबते तो टॉवेल ते माझ्याकडे देणार होते.

"टाकायचा नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं आधीच कसं सांगू.

"मने, मशीनवर पण लाल बटण होतं. शेजारच्या बाईने दाबलं, मला वाचवायला. मी हात ओढतच होते. मशीन मध्येच थांबलं, हात आत राहिला. मेंटेनन्सवाला येईस्तोवर तसाच." तिने हात मांडीवर पालथा ठेवला. "कुणी मध्ये पडायचं नाही आता. मी काय ते बघीन."

ते बटण दाबलं नसतं तर काय झालं असतं, हे तिलाही माहीत असणार. मी बरं म्हणाले. बरं म्हणजे ऐकलं, एवढाच माझा अर्थ होता. तिने तो मी शब्द दिला असा घेतला.

रविवार

फाइट मोशीतल्या एका लॉन्सवर होती. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं असावं. कमानीवर झेंडूच्या माळा तशाच होत्या आणि पिंजरा स्टेजच्या समोर, जेवणाच्या पंगती बसतात तिथे उभा केला होता. तिकीट दारावर मिळतं, खुर्च्या लाल, मागे वडापावचा स्टॉल. दुपारचं ऊन मंडपाच्या कापडातून पिवळं होऊन येत होतं. प्रेक्षक मुख्यतः पोरं, काहींच्या घरचे. रंजनाचं कुणी नव्हतं. आईला तिने सांगितलंच नव्हतं.

एका खोलीत, जिथे नवरीला तयार करतात, आम्ही तिची तयारी केली. हातमोज्याची दोन रिकामी बोटघरं सरांनी आत दुमडून दोऱ्याने शिवली. आरशाभोवतीचे बल्ब चालू होते. रंजना आरशाकडे पाठ करून बसली आणि पायांना तेल लावू का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, चालत नाही इथे.

फाइट सुरू झाली आणि पहिल्या मिनिटातच मला कळलं की आम्ही सरावात ठोसे धरलेच नव्हते. मी तिला मारत नव्हते, मी फक्त पडत होते. ती मुलगी मारत होती. लांब हात, सरळ ठोसा, मागे. रंजनाच्या नाकातून रक्त आलं. ती अंतर तोडायला जायची आणि ठोसा खाऊन थांबायची. सर ओरडत होते की आत शीर, मार खा पण आत शीर. टॉवेल माझ्या मांडीवर होता.

मग ती आत गेली. एक ठोसा कपाळावर घेऊन सरळ छातीला भिडली, मुलीचा दंड काखेत दाबला आणि तिला जाळीला टेकवलं. मुलीने परत ढकललं. मला पुढचं आधीच दिसलं, कारण आठवडाभर मी तिथेच उभी होते.

मुलगी हवेत गेली. दोन्ही पाय वर, मंडपाच्या दिशेने, आणि पाठीवर सपाट पडली. असला आवाज झाला की मागच्या वडापाववाल्यानेसुद्धा मान वर केली. इतकी सुंदर उची-माता तिने लातूरला तरी मारली होती की नाही, मला सांगता येणार नाही. मी खुर्चीवरून उठले होते. ज्युडोत असं टाकलं की पंच हात सरळ वर करतो, इप्पॉन म्हणतो आणि सामना तिथेच संपतो. नमस्कार करायचा आणि मॅटवरून उतरायचं.

रंजनाने पंचाकडे बघितलं.

फार नाही, डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ. पण तिचा हात सैल झाला. ती जिंकली होती, तिच्या अंगाला तसंच शिकवलेलं होतं. पंच काहीच करत नव्हता. खालची मुलगी गर्रकन फिरली, रंजनाच्या काखेखालून निघाली आणि तिच्या पाठीवर बसली. दोन्ही पाय कमरेभोवती, एक हात गळ्याखाली.

सर ओरडले, "हात धर! मनगट धर तिचं!"

गळा आवळणाऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली ओढायचं, सुटायचा तोच मार्ग. रंजनाने डाव्या हाताने धरलं. उजवा हात गेला, बसला आणि घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. त्या घामेजलेल्या मनगटावर तीन बोटं टिकत नव्हती. बोटं लागत नाहीत म्हणून ती या खेळात आली होती.

तिचा चेहरा आमच्याकडे होता. आधी लाल, मग त्याहून गडद. हार मानायची तर हाताने समोरच्याला थोपटायचं असतं. ती थोपटत नव्हती. उजवा हात वर जायचा आणि घसरायचा. तिने मला बघितलं असं मला वाटतं. मी टॉवेल टाकला.

पंचाने दोघींना सोडवलं. रंजना शुद्धीवर होती, गुडघ्यावर बसून खोकत होती. टॉवेल तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. तिने तो पाहिला आणि मग कुणाचा ते बघायला मान वळवली नाही.

ती मारुंजीची मुलगी नंतर खोलीत आली. वाकून रंजनाला म्हणाली की तुमची फेक जबरदस्त होती ताई, मला शिकवाल का कधी. मनापासून म्हणत होती. रंजना म्हणाली, "हो, ये ना." एवढं चांगलं ती त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाशीही बोलली नाही.

माझ्याशी ती एकच वाक्य बोलली, मोजे काढताना, दोऱ्याचे टाके दातांनी तोडत. "मी सुटत होते."

सर दाराशी उभे होते. रंजना तोंड धुवायला गेल्यावर मी त्यांना विचारलं, सुटली असती का. त्यांनी जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचले. मग म्हणाले, "न्हाई. मीबी टाकला असता, ताई. पर जरा उशिरा."

परत

सोमवारी ती पहिल्या शिफ्टला गेली. मी उठले तेव्हा खोली रिकामी होती, गॅसवर माझ्यासाठी झाकून ठेवलेले पोहे होते. काकूंनी वाटेसाठी पोळी-भाजी बांधून दिली आणि काय झालं ते विचारलं नाही. नाकाची सूज त्यांनी सकाळी पाहिली असणार. चाकणहून परतताना दुपारची वेळ निवडा, रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो. मी निवडली, तरी कुरुळीला अर्धा तास गेला. त्या लॉन्सवरून बस गेली तेव्हा पिंजरा निघालेला होता आणि मजूर खुर्च्यांना पांढरी कापडं चढवत होते.

प्रवासवर्णनाच्या शेवटी जाऊन काय मिळालं ते लिहायचं असतं. खांद्याचं दुखणं मिळालं, ते पंधरा दिवस राहिलं. शाळेत मुलींना शिकवताना मी आता थोडी बदललेय; टाकल्यानंतरही धरून राहा, कुणी थांबवेपर्यंत सोडू नका, असं सांगते, आणि सांगताना मलाच ते ज्युडोच्या विरुद्ध काहीतरी वाटतं. चाकणला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. काम असेल तर जाल, माणूस असेल तर जाल. बघायला म्हणून तिथे काही नाही, आणि मी जे बघितलं ते कुणाला दाखवता येणार नाही.

रंजनाचा फोन आला नाही. मीही केला नाही. मध्ये एकदा संतोष सरांचा आला. ती पुन्हा जिमवर येते म्हणाले, पण डाव मारत नाही. एखाद्या पोराला पाठीवर बसवून घेते आणि बोटांऐवजी मनगटाच्या हाडाने त्याचा हात गळ्यावरून काढायचा प्रयत्न करते, तासभर, बोलत नाही. कंत्राटाचं त्यांना माहीत नव्हतं.

मार्च संपताना मीच फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती, तिच्याकडेही जेवणाची सुट्टी असावी. मागे ताटांचा आवाज येत होता, म्हणजे कुठेतरी कामावर होती. कुठे ते मी विचारलं नाही. जेवलीस का, म्हणाली. हो म्हटलं. तू? चाललंय, म्हणाली. ऊन वाढलंय का तिकडे, माझ्या मुलाची परीक्षा कधी, काकूंचे गुडघे, असं सगळं झालं. तरी दोघींना फोन ठेववेना.

"तू टॉवेल टाकायला नको होतास," ती म्हणाली.

"परत वेळ आली तर परत टाकीन," मी म्हणाले.



"माहितंय मला," ती म्हणाली. "म्हणून तर परत बोलवणार नाही तुला." आणि सुट्टी संपली म्हणून तिने फोन ठेवला.